डोमिनार ४०० की निन्जा ६५०? हायवेचं नंतर, आधी गावाकडचे शेवटचे वीस किलोमीटर बघा

माझ्याकडे दोन्ही झाल्या. आधी बजाजची २०१९ ची डोमिनार ४००, ४२ हजार किलोमीटर चालवली आणि विकली, मग सेकंडहँड कावासाकी निन्जा ६५० घेतली, तिचे माझ्या हातून २१ हजार झालेत. त्यामुळे सोसायटीत, ऑफिसात, अगदी लग्नाच्या पंगतीत पण कोणी "लांब फिरायला स्पोर्टी गाडी घ्यायचीय" म्हटलं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. आत्ता मावसभाऊ अडकलाय याच प्रश्नात, त्याला तीन वेळा फोनवर सांगून झालं, म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढतो.

डोमिनारला स्पोर्ट टूरर (लांब फिरायची स्पोर्टी गाडी) म्हणायचं का यावर काही जण नाक मुरडतात, फेअरिंग (पुढचं-बाजूचं प्लास्टिकचं आवरण) नाही, सिंगल सिलिंडर आहे वगैरे. मुरडू देत. २००३ ला करिझ्मा आली तेव्हा २२३ सीसीवर लोक लेह करून आले, तेव्हा कोणी व्याख्या विचारल्या नव्हत्या. आणि डोमिनार तर आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत ५१ हजार किलोमीटर फिरून आलीय, त्यामुळे आपल्या पुणे-गोव्याला पुरेल की नाही हा प्रश्नच नाही.

आता कागदावरचं. डोमिनार ३७३ सीसी, ताकद ४० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ ३५ न्यूटन मीटर. निन्जा ६४९ सीसी ट्विन (दोन सिलिंडर), ६८ पीएस, ६४ न्यूटन मीटर. पण वजन बघा, टूरिंगचं सगळं सामान कंपनीनेच लावून दिलेली डोमिनार १९३ किलो आणि निन्जा १९६. म्हणजे तीन किलो जास्त आणि ताकद जवळजवळ पावणेदोन पट, इथेच माणूस भाळतो, मी पण असाच भाळलो.

आणि भाळण्यासारखं आहे हे मी नाकारत नाही. डोमिनार ९५ ते १०५ मध्ये मस्त चालते, दिवसभर चालवा काही म्हणणार नाही, पण एकच मोठा पिस्टन आहे हो शेवटी, ११५ च्या पुढे गेलात की फूटपेग आणि हँडलमध्ये तो जाणवायला लागतो आणि दोन तासांनी टपरीवर थांबलात की चहाचा कप धरताना बोटं जरा बधिर वाटतात. निन्जा त्याच स्पीडला झोपलेली असते. खरा फरक टॉप स्पीडचा नाहीच, ओव्हरटेकचा आहे. कराडच्या पुढे सीझनला उसाचे ट्रॅक्टर असतात ना, दोन-दोन ट्रॉल्या लावून डुलत चाललेले, तिथे डोमिनारवर मी दोन गिअर खाली टाकायचो, रेस द्यायचो, मनात हिशोब करायचो आणि मग निघायचो. निन्जावर सहाव्यातच मनगट थोडं फिरवलं की ट्रॅक्टर आरशात. खंबाटकी चढताना तेच. समोरून येणाऱ्या गाडीसमोर आपण किती सेकंद उघडे राहतो ते कमी होतं, आणि मला विचाराल तर जास्तीच्या पैशांतली सगळ्यात खरी वसुली हीच.

पण मग ही ताकद मोकळी सोडायची कुठे? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवर बंदी. महाराष्ट्रातले जेवढे म्हणून सपाट, रुंद, कुत्रं आडवं न येणारे रस्ते आहेत तेवढे सगळे आपल्याला बंद, आणि जे उघडे आहेत तिथे चौपदरीवर सुद्धा कायद्याने दुचाकीला ८० ची मर्यादा. पुणे-कोल्हापूर आपला हक्काचा रस्ता (टोल पण नाही आपल्याला), तर तिथे सहापदरीकरणाची डायव्हर्जनं. म्हणजे ६८ पीएस घेऊन तुम्ही जुन्या मुंबई-पुणे हायवेने खंडाळ्यातून कंटेनरच्या मागे उभे, आणि शेजारी डोमिनारवाला पण उभा.

म्हणून मी सगळ्यांना विचारतो की हायवे सुटल्यावर तुमचे शेवटचे वीस किलोमीटर कसे आहेत. माझं गाव दापोली तालुक्यात. ताम्हिणीतून माणगाव, मग महाड, पोलादपूर, कशेडी, खेड इथपर्यंत निन्जा म्हणजे लोणी. खेड सोडून दापोलीच्या बाजूला वळलं की हळूहळू रस्ता अरुंद, आणि दापोलीच्या पुढे आमच्या फाट्याला लागलं की कडेला खडी, वळणावर शेण, रंग न मारलेले स्पीड ब्रेकर, ते पण कोणीतरी आपल्या घरासमोर आपल्या हिशोबाने घातलेले. डोमिनारचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर) १५७ मिलिमीटर, निन्जाचा १३०, आणि त्यात निन्जाचा सायलेन्सर पोटाखाली. पहिल्याच गणपतीत मागे बायको, दोन बॅगा, वरून मोदकाचं पीठ, आणि त्या ब्रेकरवर खालून जो खर्रर्र आवाज आला तो आठवला तरी पोटात गोळा येतो. काही तुटलं नव्हतं, ओरखडाच होता, पण तेव्हापासून असे ब्रेकर मी तिरके घेतो आणि फारच उंच दिसला तर बायकोला उतरवतो. डोमिनारवर हा विचार चार वर्षांत एकदाही केला नव्हता. तुमचे शेवटचे वीस किलोमीटर चांगले डांबरी असतील, किंवा हॉटेलच्या पोर्चमध्येच संपत असतील, तर मग या मुद्द्याला फार किंमत नाही, सरळ निन्जाचा विचार करा.

पैशाचं बोलू. डोमिनार साधारण अडीच लाखांच्या आतबाहेर, निन्जा आठ लाखांच्या आसपास, आणि वर आरटीओ, इन्शुरन्स वेगळं. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या सगळ्यांना ४० टक्के जीएसटी, त्यात दोघी सापडल्या, डोमिनार फक्त २३ सीसीने. थर्ड पार्टी विम्याचं तसंच, २०२२ च्या दरात ३५० च्या वर सरसकट २,८०४ रुपये वर्षाला, त्यामुळे तिथे दोघींचा खर्च सारखा. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या विम्यात, कारण तो गाडीच्या किमतीवर ठरतो. पेट्रोलला मला डोमिनार २८ च्या आसपास द्यायची, निन्जा २२-२३ देते. टाकी डोमिनारची १३ लिटर, निन्जाची १५, त्यामुळे एका टाकीत दोघी साडेतीनशेच्या अलीकडे-पलीकडे जातात आणि थांबे तेवढेच होतात.

खरा खड्डा टायरमध्ये आहे. निन्जाला मागे १६०/६० झेडआर १७ लागतो, मी टाकलेला चांगला टूरिंग टायर पंधरा हजारांच्या पुढे गेला आणि तालुक्याच्या गावी तो मिळत नाही, शहरात सुद्धा कधीकधी मागवावा लागतो. डोमिनारचा १५०/६० त्याच्या निम्म्याहून कमी पैशात झाला होता, दुपारी गेलो आणि संध्याकाळी बसवून घरी. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचाच, २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. मला एका दुकानात कडक डिस्काउंटमध्ये चार वर्षं जुना टायर चिकटवत होते, नवा होता, पण गोदामातच म्हातारा झालेला.

चेनची कटकट दोघींना सारखीच. मेन स्टँड दोघींनाही नाही, त्यामुळे पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) घ्या, पहिल्याच महिन्यात घ्या. दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजली तर त्याच रात्री, रॉकेलने किंवा चेन क्लीनरने पुसायची (पेट्रोल नको, आतल्या ओ-रिंगचं रबर खराब होतं), वाळू द्यायची, मग गिअर ऑइल ९० किंवा लूब आतल्या बाजूने लावायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं, म्हणजे सकाळी रिमवर शिंतोडे कमी. मी एका आंबोली ट्रिपला आळस केला, दोन दिवस धो धो पाऊस, परत येताना निपाणीपासून चेन चरकासारखी करकरत होती आणि पुढे चेन-स्प्रॉकेटचा सेट वेळेआधी बदलावा लागला. चूक पूर्ण माझी.

बाकी ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल हे दोघींना आहेच. पण डोमिनारचं बरंचसं काम समोर दिसतं, निन्जाला कशालाही हात लावायचा तर आधी फेअरिंग उतरवा, त्याच्या त्या प्लास्टिकच्या क्लिपा, त्यातली एक गॅरेजच्या फरशीवरून कुठे जाते ते देवालाच माहीत. मी दहा क्लिपांचं पाकीटच आणून ठेवलंय. क्लच दोघींना केबलचा आहे, त्यामुळे लांब जाताना नवी केबल जुन्या केबलला समांतर, टेपने बांधून ठेवायची. तुटली तर रस्त्याकडेला दोन टोकं बदलली की निघालात, सगळं खोलत बसायला नको. निन्जावर हे घरीच करून ठेवा, कारण बिघडली तर जवळचं सर्व्हिस सेंटर एखाद्या मोठ्या शहरात असणार. बजाजवाला तालुक्यात भेटतो.

पडण्याचा खर्च कोणी धरत नाही. मागच्या जुलैत मलकापूरच्या अलीकडे चहाला थांबलो, टपरीच्या बाजूची माती कडक वाटली, साइड स्टँड लावला, हेल्मेट काढलं, पहिला घोट घेतला आणि बघतोय तर निन्जा इतकी हळू कलत होती की मला वाटलं मलाच चक्कर येतेय. स्टँड चिखलात रुतत चालला होता. कप टाकून धावलो, पोचेपर्यंत आडवी. फेअरिंगचा एक पॅनल, आरसा, इंडिकेटर, लिव्हर, नुसत्या उभ्या पडलेल्या गाडीचं बिल पंचवीस हजारांच्या वर. डोमिनार माझ्याकडून दोनदा पडली होती, एकदा चालू असताना, दोन्ही मिळून तीन हजारांत भागलं, क्रॅश गार्ड वाकला तेवढाच. आता टँक बॅगेत पत्र्याच्या डब्याचं झाकण ठेवतो स्टँडखाली घालायला. टपरीवाले हसतात, हसू देत.

मागे बसणाऱ्याला विचारलंय का तुम्ही? डोमिनारची मागची सीट रुंद, हल्लीच्या गाडीला पाठीला टेकू पण कंपनीचाच. निन्जाची मागची सीट उंच आणि छोटी, तासाभराने मागून खांद्यावर टकटक सुरू होते. बायकोचं मत असं की डोमिनारवर ती सोबत यायची आणि निन्जावर तिला नेलं जातं. एक मात्र निन्जाचं चांगलं, सायलेन्सर खाली असल्यामुळे सॅडल बॅग जळायची भीती नाही. आणि शहरात, मे महिन्यात, हडपसरच्या सिग्नलला निन्जाचा फॅन चालू झाला की नडग्यांना गरम हवा लागते. डोमिनार पण गार नाही, पण एवढी नाही.

पावसाळी घाटाचं थोडक्यात. एबीएस दोघींना आहे, २०२३ पासूनच्या निन्जाला ट्रॅक्शन कंट्रोल (रेस दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारं) पण आहे, ताम्हिणीत शेवाळ धरलेल्या वळणावर त्याचा दिवा एकदा लुकलुकला की पैसे वसूल वाटतात. सेकंडहँड बघत असाल तर म्हणून २०२३ च्या पुढची बघा. बाकी कोनसेट म्हणजे हँडलचं बेअरिंग (हँडल सरळ धरून पुढचा ब्रेक दाबून ढकला, टकटक झाली तर समजा), फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळीवर तेलाचा ओघळ आणि चेन-स्प्रॉकेट एवढं तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.

अजून पुढे जाऊन निन्जाचीच मोठी बहीण १००० एसएक्स सेकंडहँड घेऊ का, असं पण भावाने विचारलं. १०४३ सीसी, १४२ पीएस, १९ लिटर टाकी, क्रूझ कंट्रोल (ठरवलेला स्पीड आपोआप धरून ठेवणारं), गाडी म्हणून जबरदस्त, बसून बघितलीय. पण जवळजवळ २४० किलो, आणि त्याच्या सोसायटीच्या पार्किंगला उतार आहे, रोज सकाळी ती मागे ओढून बाहेर काढायची म्हणजे जिमची फी वाचेल. शिवाय क्रूझ कंट्रोल लावायचं कुठे, ते रस्ते तर वर सांगितलेच.

माझं मत विचाराल तर, घरात एकच दुचाकी असणार असेल, ऑफिसला पण तीच, गावाला पण तीच आणि मागे कोणी बसणार असेल तर डोमिनार, डोळे झाकून. घरात स्कूटर आहे, निन्जा फक्त शनिवार-रविवार निघणार आहे, बहुतेक एकटेच फिरता आणि वर्षाला टायर-सर्व्हिसिंग-विम्याचे तीस-चाळीस हजार बाजूला काढताना पोटात दुखत नाही, तर निन्जा घ्या. ईएमआय ताणून निन्जा घेतलेले दोघं माझ्या ओळखीत आहेत, त्यांची गाडी कव्हर घालून उभी असते कारण पुढचा टायर परवडेपर्यंत ट्रिप पुढे ढकललीय.

भावाने परवा डोमिनार बुक केली. उरलेल्या पैशांत चांगलं जॅकेट, हेल्मेट, सॅडल बॅगा आणि एक स्पितीची ट्रिप बसतेय म्हणाला. फक्त डिलिव्हरीला वेळ आहे म्हणून "तोवर हात साफ राहू दे" असं सांगून माझ्या निन्जाची चावी घेऊन गेलाय, दोन रविवार झाले, पार्किंगमध्ये नुसता पॅडॉक स्टँड उभा आहे.