नव्या घराचा लॉफ्ट आणि परवानगी: नियोजन सल्लागाराच्या सेवेचा अनुभव

आई-बाबा नाशिकहून आले की चार-पाच महिने बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपतात, हे बरीच वर्षे खटकत होते. म्हणून थेम्स खोऱ्यातील आमच्या सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एकाच बाजूने शेजारच्या घराला चिकटलेल्या, घराच्या लॉफ्टमध्ये, मागच्या उतारावर डॉर्मर (छपरातून बाहेर काढलेला उभ्या खिडकीचा भाग) काढून, एक खोली करून घ्यायचे ठरवले. (लॉफ्ट म्हणजे इथे अख्खे छपराखालचे पोट, मोरीवरच्या माळ्याशी त्याची गल्लत करू नये.) घर २०१४ साली बांधलेल्या वसाहतीतले आहे आणि सारा घोळ याच गोष्टीपाशी होता.

सुरुवातीला आलेल्या लॉफ्ट बांधणाऱ्या कंपनीच्या विक्रेत्याने, सेमी-डिटॅच्ड घराला ५० घनमीटरपर्यंत छप्पर वाढवण्यास अर्ज करावा लागत नाही, असे छातीठोकपणे सांगितले. इंग्लंडमधील नियम तसा आहेच, शेजाऱ्यांना चिकटलेल्या रांगेतल्या घरांना तो ४० घनमीटर आहे; पण मूळ वसाहतीला मंजुरी देतानाच कौन्सिलने (इथल्या पालिकेने) ही सवलत एखाद्या अटीने काढून घेतलेली असेल, तर तो नियम त्या घराला लागू होत नाही, आणि दाटीने बांधलेल्या नव्या वसाहतींत असे अनेकदा केलेले असते.

ज्या सल्लागार संस्थेविषयी मी लिहीत आहे, तिच्या बाईंनी पहिल्या फोनवर पैशांची बोलणी करण्याआधी वसाहतीचे मूळ परवानगीपत्र मागितले. माझ्याकडे ते नव्हते. त्यांनी ते कौन्सिलच्या संकेतस्थळावरून स्वतःच शोधून काढले आणि अकराव्या अटीवर पिवळी रेघ ओढून मला पाठवले: पूर्वपरवानगीशिवाय छपरात कोणतीही वाढ करता येणार नाही. एवढ्या एका कागदाने आमचे पुढचे किती पैसे वाचले असतील, याचा हिशेब मी न केलेला बरा.

त्यानंतर त्यांचा माणूस बॅटरी घेऊन लॉफ्टमध्ये चढला. आमचे छप्पर कारखान्यात तयार झालेल्या, इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकाराच्या लाकडी कैच्यांवर उभे आहे. त्यातली एकही काडी कापली तर आधी पोलादी तुळया टाकाव्या लागतील, हे त्याने एका कैचीवर हात ठेवून दाखवले. नियोजनाच्या अर्जाशी याचा संबंध नसला, तरी खर्चाचा खरा अंदाज आम्हाला तिथेच आला.

नकाशे, अर्ज आणि कौन्सिलशी पत्रव्यवहार यांसाठी त्यांनी १,४५० पौंड घेतले. कौन्सिलचे शुल्क वेगळे. १ एप्रिल २०२५ रोजी ते २५८ वरून ५२८ पौंड झाले आणि आमचा अर्ज त्याच वर्षी मे महिन्यात गेला, तेव्हा तो भुर्दंड अर्थातच आमच्या वाट्याला आला. अधिकाऱ्याने डॉर्मर फार रुंद असल्याचे कळवल्यावर सल्लागारांनी वाद न घालता तीन दिवसांत तो दोन्ही बाजूंनी आत घेतला, आणि बाहेरून छपराशी जुळणारी कौले लावण्याचे सुचवले. ही तडजोड मला पटली, कारण नकार पदरात घेऊन अपिलात महिने घालवण्यापेक्षा खोली हातभर अरुंद झालेली परवडते.

आता तक्रार. तीन बेडरूमचे घर चारचे होणार म्हटल्यावर गाड्या कुठे उभ्या राहणार, याचा नकाशा लागणार हे या क्षेत्रातल्या माणसाला ठाऊक असायला हवे. तो जोडायचा राहिला आणि अर्ज अकरा दिवस नोंदलाच गेला नाही. आठ आठवड्यांची मुदत नोंदणीपासून मोजली जाते, त्यामुळे हे दिवस सरळ आमच्या खात्यातून गेले. दुपारनंतर फोन उचलला जात नाही, ईमेलला मात्र उत्तर येते. घराच्या खरेदीखतात बिल्डरने घातलेली, बदलासाठी त्याची संमती घेण्याची अटही त्यांनी विचारली नाही. ती आमच्या सॉलिसिटरच्या नजरेस आली.

परवानगी ऑगस्टमध्ये मिळाली, तीन वर्षांत काम सुरू करण्याच्या अटीवर. जिना, आगीपासून संरक्षण देणारी दारे आणि वीजजोडणीवरचे धुराचे गजर यांसाठी लागणारी बांधकाम नियमांची मंजुरी वेगळी असते; त्या नकाशांसाठी त्यांनी आणखी ९०० पौंड सांगितले आहेत. कैच्यांवर हात ठेवून दाखवणारा तोच माणूस येणार असेल, तर काम त्यांनाच द्यायचे, असे मी बाईंना कळवले आहे.