अँथम ऑफ द सीज की जेंटिंग ड्रीम: दोन्ही जहाजांवर राहून आल्यानंतर

सिंगापूरहून सहकुटुंब क्रूझ करायची तर कोणते जहाज घ्यावे, असे ओळखीतले लोक अजूनही विचारतात, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही अँथम ऑफ द सीजवर होतो आणि त्यानंतरच्या मेच्या सुट्टीत जेंटिंग ड्रीमवर. घसरगुंड्या किती, कार्यक्रम कोणते, पोहण्याचे तलाव कोठे, ही सगळी माहिती माहितीपत्रकांत असते आणि ती आपण वाचलेली असेल असे मी गृहीत धरतो. माझा विषय माहितीपत्रकात कधीच नसतो, आणि तो म्हणजे केबिनच्या दारापासून जेवणाच्या टेबलापर्यंतचे अंतर. घरात गुडघेदुखीचे कोणी नसेल त्यांना हा विषय क्षुल्लक वाटेल. त्यांनी खुशाल पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडून द्यावेत.

आम्ही पाच जण: आई, आम्ही दोघे आणि दोन मुले. अँथमवर आमच्या दोन्ही केबिन जहाजाच्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या, टोकाला आल्या, आणि बुफेचे विंडजॅमर हे उपाहारगृह चौदाव्या डेकवर, पार मागच्या अंगाला आहे. जहाजाची लांबी सुमारे ३४८ मीटर. म्हणजे चहासाठी जायचे तरी एका वेळी दोनशे मीटरच्या पुढे चालणे आले, आणि परत येताना तितकेच. केबिनबाहेरचा बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना एकसारखी दारे आणि पायाखाली जाड गालिचा. जाड गालिच्यावर पाय किंचित रुततो. तरुणांना ते सुखाचे वाटते, पण गुडघा धरलेल्या माणसाला प्रत्येक पाऊल उचलावे लागते. सकाळच्या वेळी निम्मा बोळ चादरी-टॉवेलच्या ढकलगाड्यांनी अडलेला असतो. आई भिंतीचा कठडा धरून चाले, गाडी आली की कठडा सोडून माझा हात धरी आणि गाडी ओलांडली की पुन्हा कठडा. त्या बोळात बसायला कोठेही जागा नाही. आगीच्या वेळी वाट मोकळी असावी म्हणून ते योग्यच आहे, परंतु योग्य असल्याने गुडघे दुखायचे राहत नाहीत. चाकांची खुर्ची जहाजावर मिळेल या भरवशावरही राहू नये. ती बहुतेक वेळा चढण्या-उतरण्यापुरती आणि तातडीच्या प्रसंगासाठी असते. रोजच्या वापरासाठी आपली आपण न्यावी लागते.

यातून वाट दाखवली ती केबिन सांभाळणाऱ्या मुलाने. तो मडगावकडचा होता. या जहाजांवर गोव्याची पुष्कळ मुले नोकरीला असतात, आणि आईचे मराठी ऐकल्यावर त्याने इंग्रजी बाजूलाच ठेवले. ‘आजी, ह्या बोळातून नका जाऊ. पुढच्या लिफ्टने चौथ्या डेकवर उतरा, दुकानांच्या रस्त्याने चाला, तिथे बसायला मिळते, आणि मग मागच्या लिफ्टने वर,’ असे त्याने सांगितले. अंतर तितकेच राहिले, पण वाटेत दोनदा टेकता आले, आणि दुकाने पाहण्याच्या निमित्ताने टेकल्यामुळे आईला आपण थकलो आहोत असे कोणाला दाखवावे लागले नाही. मोठ्या जहाजावर वडीलधाऱ्यांना नेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी असा बसत-बसत जाण्याचा मार्ग शोधून ठेवावा.

बाकी अँथमबद्दल तक्रार करण्यासारखे फार थोडे आहे. हे जहाज २०१५ चे. त्याच्या करमणुकीचा मोठा भाग छताखाली आहे, आणि पुढे ते न्यू जर्सीतील बेयॉनच्या बंदरातून हिवाळ्यातही सुटत असे. थंडीसाठी केलेली ही सोय विषुववृत्ताजवळच्या दमट हवेत आणि अवेळी येणाऱ्या पावसात आमच्या कामी आली. बाहेर सर कोसळत असताना मुले आत सीप्लेक्स नावाच्या वातानुकूलित क्रीडागृहात धडकगाड्या चालवत होती. नॉर्थ स्टार नावाचा काचेचा पाळणा समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे फूट उंच नेतो. एका वेळी चौदा जण मावतात आणि रांग लवकर लागते, म्हणून नोंदणी पहिल्या दिवशीच करावी. पाण्याच्या घसरगुंड्या मात्र या जहाजावर नाहीत, हे मुलांना घरूनच सांगून न्यावे. आयत्या वेळी कळल्यास तुमची एक संध्याकाळ समजूत काढण्यात जाईल.

अनपेक्षित आनंद दिला तो आतल्या केबिनमधल्या आभासी बाल्कनीने. खिडकी नसलेल्या खोलीच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत ऐंशी इंची पडदा असतो आणि त्यावर बाहेरचा समुद्र त्या क्षणी जसा असेल तसा दिसतो. मी त्याला जाहिरातबाजी समजलो होतो. आईने मात्र रात्री तो पडदा बंद करू दिला नाही, कारण जाग आली की पहाट झाली की नाही हे घड्याळ न बघता कळते, असे तिचे म्हणणे पडले. खऱ्या बाल्कनीच्या भाड्यातला आणि या खोलीच्या भाड्यातला फरक बघता माझ्या मते हा या जहाजावरचा सर्वांत किफायतशीर सौदा आहे.

जेंटिंग ड्रीमवर आमच्या केबिन मधोमध, लिफ्टला लागून होत्या आणि तेवढ्याने सगळी सहल पालटली. आई दिवसातून कितीदा तरी एकटी वर जाऊन येई. सहा पाण्याच्या घसरगुंड्या, दोरांची कसरत आणि समुद्राच्या वरून घसरत नेणारी झिपलाइन असल्यामुळे मुलांनीही आम्हांला विचारले नाही. भारतीय शाकाहारी जेवणाची व्यवस्था चांगली होती; गुरुवारच्या उपवासाचे काय करायचे हा प्रश्न आईने फळे आणि दह्यावर मिटवला. मे महिन्यातल्या उन्हात घसरगुंड्यांच्या डेकवर दुपारी मोठ्या माणसांना उभे राहवत नाही, हा एक दोष म्हणता येईल, पण तो हवेचा आहे. हे जहाज २०१६ चे असून त्याची मूळ कंपनी बुडाल्यानंतर २०२२ पासून ते नव्या नावाच्या कंपनीकडून सिंगापूरहून चालते. अँथमप्रमाणेच तेही जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या गोदीत बांधलेले आहे.

येथपर्यंत लिहिले तेव्हा माझा कौल सरळ जेंटिंग ड्रीमच्या बाजूने होता, आणि मोठे जहाज वडीलधाऱ्यांसाठी नव्हे, असे वाक्यही लिहून झाले होते. मग दोन्ही जहाजांचे डेकचे नकाशे छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जेंटिंग ड्रीमची लांबी सुमारे ३३५ मीटर आहे. दोहोंतला फरक अवघा तेरा मीटरचा, म्हणजे आमच्या इमारतीच्या वाहनतळापेक्षाही कमी. आईची नाळेकडची केबिन जेंटिंग ड्रीमवर असती तर तिथेही तिला तितकेच चालावे लागले असते, आणि अँथमवर मधली केबिन मिळाली असती तर हा लेख निराळाच झाला असता. तेव्हा ते वाक्य मी खोडले आहे. जेंटिंग ड्रीमचे आकारमान दीड लाख टनांचे आणि अँथमचे एक लाख अडुसष्ट हजारांच्या वर, ही तुलनाही येथे उपयोगाची नाही, कारण तो टनांचा आकडा वजनाचा नसून जहाजाच्या आतल्या जागेच्या मापाचा असतो. चालावे लागते ते लांबीत.

मधली केबिन घ्यावी असे सगळेच सांगतात, पण कारण देतात ते जहाज हलण्याचे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत, एका बाजूला मलाया आणि दुसऱ्या बाजूला सुमात्रा असल्यामुळे, समुद्र एरवी शांत असतो आणि आम्हांला टोकाच्या केबिनमध्येही हेलकावे जाणवले नाहीत. या मार्गावर मधल्या केबिनचे महत्त्व पूर्णपणे पायांसाठी आहे.

आता आम्हांला टोकाची केबिन मिळाली कशी, याविषयी. आमच्या ट्रॅव्हल एजंटने ‘केबिन पक्की’ असे सांगून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. आईच्या गुडघ्यांबद्दल मी त्याला लेखी कळवले होते. त्याने पाठवलेल्या पुष्टिपत्रावर केबिन क्रमांकाच्या जागी ‘जीटीवाय’ ही तीन अक्षरे होती. त्यांचा अर्थ असा की आपल्याला केबिनच्या प्रकाराची हमी असते, जागेची नसते. उरलेल्यांपैकी कोणतीही केबिन कंपनी मागाहून ठरवते आणि म्हणूनच ती स्वस्त पडते. स्वस्त पडते हे खरे, पण त्याने आमच्याकडून निवडलेल्या केबिनचे भाडे घेऊन हमीची केबिन दिली, असे मला पुढे भाड्यांची तुलना केल्यावर आढळले. विचारल्यावर ‘साहेब, जहाजावर गेल्यावर बदलून मिळते’ असे उत्तर आले. नाताळच्या सुट्टीत भरलेल्या जहाजावर काय बदलून मिळणार? परत आल्यावर आधी फोन, मग ईमेल, मग नोंदणीकृत टपाल, असे करत फरकाची रक्कम त्याने मान्य केली, परंतु रोख नव्हे, तर पुढच्या सहलीत वळती करून देण्याच्या बोलीवर. पुढची सहल त्याच्याकडून करणे म्हणजे त्याच अनुभवाची पुन्हा प्रचीती घेणे, म्हणून मी ती बोली नाकारली आहे.

याच एजंटने सिंगापूर आणि मलेशिया या दोन्ही देशांची आगमनपत्रे भरून देण्याचे माणशी शुल्क लावले होते. ती दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर फुकट भरता येतात आणि घरी बसून भरायला पाच माणसांना एक संध्याकाळ पुरते. सिंगापूरचा व्हिसा बहुप्रवेशी आहे ना, तेही स्वतः पाहावे, कारण जहाज परत सिंगापूरलाच येते. आणि सामानात खसखस नेऊ नये. तेथे तिच्यावर अमली पदार्थांच्या कायद्याखाली निर्बंध आहेत, त्यामुळे दिवाळीचे उरलेले अनारसे घरीच संपवावेत.

बक्षिशीचे सांगितले पाहिजे. अँथमवर ती माणशी दर रात्री अठरा डॉलरांच्या आसपास आपोआप लागते, मुलांनाही सवलत नाही, आणि पाच जणांची बेरीज तीस हजार रुपयांच्या घरात जाते. तिकिटाच्या जाहिरातीतल्या किमतीत ती धरलेली नसते. हा आकडा पाहून माझे तोंड कडू झाले होते. मडगावच्या त्या मुलाने वाट दाखवल्यानंतर मी त्याबद्दल तक्रार करायचे सोडले, तरी हिशेबात ती आधीच धरावी हा सल्ला कायम आहे. या खर्चाची भरपाई वाटेतल्या मलेशियातील पेनांग बंदरात होते. स्वेटनहॅम धक्क्यावर जहाज लागले की जॉर्ज टाउन पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. जुन्या शहराचा तो भाग २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि लिटल इंडियात महामारिअम्मन देवळाजवळ इडली-डोसा खाऊन आम्ही दुपारपर्यंत परतलो. जहाजावरून विकली जाणारी सहल घ्यायचे काहीच कारण नाही. आईला आम्ही टॅक्सीने नेले.

मुले लहान असतील, पाण्यात खेळणारी असतील आणि शाळेची सुट्टी मेमध्येच मिळत असेल, तर जेंटिंग ड्रीम घ्यावे. मुले मोठी असतील, प्रवास पावसाळी डिसेंबरात असेल आणि संध्याकाळचे कार्यक्रम महत्त्वाचे वाटत असतील, तर अँथम ज्यातले आहे त्या क्वांटम वर्गातले जे जहाज त्या हंगामात सिंगापूरला असेल ते घ्यावे. दरवर्षी तेच जहाज तेथे नसते, हे लक्षात ठेवावे. कोणतेही घेतले तरी पैसे भरण्याआधी केबिनचा क्रमांक लेखी मागावा आणि डेकच्या नकाशात ती केबिन, जवळची लिफ्ट आणि तिच्या डोक्यावरचा डेक, या तिन्ही गोष्टी बोट ठेवून पाहाव्यात. वर बुफे किंवा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट खाली येतो. एजंटकडून फरकाची रक्कम धनादेशाने आली की येथे तशी नोंद करीन.