पुणे–लंडन: मुंबईहून थेट जावं की दिल्लीमार्गे?

हा निर्णय किलोमीटर मोजून होत नाही. मुंबई–हीथ्रो हवाई अंतर सुमारे 7,200 किमी. पुणे–दिल्ली 1,160 आणि दिल्ली–हीथ्रो 6,700 धरलं तर दिल्लीमार्गे 7,900 च्या आसपास. हे जादाचे सातशे किलोमीटर विमान तासाभराच्या आत कापतं. वेळ खातं ते जमिनीवरचं सगळं. पुण्याच्या विमानतळावरून, म्हणजे लोहगावहून, थेट लंडन नाहीच. धावपट्टी अडीच किलोमीटरची, तीही हवाई दलाची.

बाणेर, वाकड, हिंजवडीकरांनी सरळ मुंबई धरावी. किवळ्याला एक्स्प्रेस वे लागतो आणि रस्ता मोकळा असेल तर तीन-साडेतीन तासांत टर्मिनल 2. शुक्रवारची संध्याकाळ, जोडून आलेली सुट्टी किंवा जुलैचा पाऊस असेल तर दोन तास जादा ठेवा. खंडाळ्याच्या घाटात एक कंटेनर बंद पडला की मागे रांग लागते, आणि घाट सुटला तरी वाशी–चेंबूर उरतंच. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा विमान दुपारी 1 चं असेल तर घर पहाटे 5 ला सोडलेलं बरं. पुढे हवेत दहा तासांच्या आसपास. येताना वारा पाठीशी असतो, तासभर वाचतो.

खराडी, विमाननगर, वाघोलीकरांचं गणित वेगळं. लोहगाव हाकेच्या अंतरावर, दिल्ली सव्वादोन तास. पण तिकीट एकत्र, म्हणजे एकाच पीएनआरवर हवं. दोन वेगळी तिकिटं काढली आणि पुण्याचं विमान रखडलं, तर लंडनचं तिकीट बुडालं. कोणी भरून देत नाही. शिवाय देशांतर्गत तिकिटावर बहुधा 15 किलोच सामान चालतं, त्यामुळे 23 किलोच्या बॅगेचे जादा पैसे लोहगावलाच मोजावे लागतात. टर्मिनलही बघून घ्या: लंडनचं विमान टी3 वरून सुटतं, तुम्ही टी1 ला उतरलात तर मधे बसचा प्रवास आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे सकाळची विमानं खोळंबतात. त्या दिवसांत मधे चार तास तरी हवेत. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून वळसा पडून त्यांची दिल्ली–लंडन उड्डाणं लांबली. परदेशी कंपन्यांना ती बंदी नाही, म्हणून तिकीट काढताना त्या दिवशीचा उड्डाणवेळ पाहा.

तो वेळ काढताना एक घोळ हमखास होतो. तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ असते. 1 ला सुटून 6 ला पोचणारं विमान पाच तासांचं नव्हे. जाताना हिवाळ्यात त्यात साडेपाच मिळवा, उन्हाळ्यात साडेचार.

मुंबईहून दुबईमार्गे अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढतं, पण थांबा धरून तीन-चार तास जास्त. भाडं चांगलंच कमी असेल तरच.

दिल्लीमार्गे परतताना मात्र बॅग तिथेच घ्यावी लागते, कस्टम्समधून काढून पुन्हा पुण्यासाठी द्यायची. त्यासाठी तीन तासांपेक्षा कमी वेळ असलेलं तिकीट घेऊ नका.