जर्मनीतलं सेमिस्टर तिकीट : आठ महिने वापरल्यावर, आणि न ठरवता घडलेलं वुपरटाल

एप्रिल २०२५ मध्ये मास्टर्ससाठी आखेनला आले, तेव्हा युनिव्हर्सिटीच्या फीमध्ये २०८ युरो ८० सेंटची एक रक्कम दिसली. सहा महिन्यांचं सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा बस-रेल्वेचा पास, सक्तीचा. आपले वीस हजार रुपये. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या पैशांतून) महिन्याला ९९२ युरो सुटणार, त्यात खोलीचं भाडं, विमा, किराणा. ही रक्कम मनाला लागली होती. आज आठ महिन्यांनी सांगते, इथं मी ज्या ज्या गोष्टीला पैसे मोजले त्यात याच्याइतकं मोलाचं काही नाही.

मे २०२३ मध्ये जर्मनीत ‘डॉइचलांड तिकीट’ सुरू झालं. महिन्याला ४९ युरो, मग जानेवारी २०२५ पासून ५८, आणि आता जानेवारी २०२६ पासून ६३. आम्हा विद्यार्थ्यांना ते ६० टक्के किमतीत मिळतं, म्हणून ५८ च्या दराने महिन्याला ३४ युरो ८० सेंट पडले. देशभरातल्या सिटी बस, ट्राम, मेट्रो, एस-बान (शहराच्या लोकल) आणि रिजनल गाड्या त्यात येतात. आयसीई, आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या येत नाहीत.

आपल्या एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास ज्यांनी वापरलाय, त्यांना हे लगेच कळेल. मी साताऱ्याची. दिवाळीच्या सुट्टीत बाबा तो सात दिवसांचा पास काढायचे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवायचे. स्टँडवर उभं राहायचं, पाटी वाचायची, गर्दी कमी असलेल्या गाडीत चढायचं. गणपतीपुळे, नरसोबाची वाडी, पंढरपूर मी असंच पाहिलं. तरी इथं आल्यावर पहिले चार-पाच महिने मी हे तिकीट फक्त कॉलेज आणि किराणा दुकान एवढ्यासाठीच वापरलं. सुट्टी आली की अभ्यास, नाहीतर झोप. दुसऱ्या सेमिस्टरला पुन्हा तेवढेच पैसे भरले तेव्हा स्वतःचाच राग आला.

मग नोव्हेंबरातला तो शनिवार. सकाळी साडेआठ, चहा उकळतोय, बाहेर आभाळ. माझी रूममेट अकोल्याची. ती म्हणाली, “चाल ना, जे पयली गाडी भेटंन तिच्यात बसू.” मी कपडे बदलले, दोन डब्यांत पोळी-भाजी भरली आणि आम्ही स्टेशनवर. समोर आरई ४ ही रिजनल गाडी उभी होती. ती डुसेलडॉर्फवरून वुपरटाल या शहरात जाते, मधे गाडी बदलावी लागत नाही. वुपरटालला काय आहे, हे गाडी हलल्यावर फोनमध्ये वाचलं.

वुपरटालला आहे श्वेबेबान. उलटी टांगलेली रेल्वे. १९०१ पासून ती लोकांची ने-आण करतेय आणि आजही रोज ऑफिसला जाणारे लोक तिच्यानेच जातात. वुपर नदीचं खोरं अरुंद आहे. एकोणिसाव्या शतकात तिथं कापडाच्या गिरण्या आणि रंगाऱ्यांचे कारखाने एकमेकांना चिकटून वाढले, जमिनीवर रूळ टाकायला जागा उरली नाही. तेव्हा त्यांनी नदीच वापरली. दोन्ही काठांवर पाय रोवलेल्या लोखंडी कमानी, त्यावर एकच रूळ आणि त्याला खालून लटकलेला डबा. एकूण १३.३ किलोमीटर, २० स्टेशनं, त्यातले दहा किलोमीटर नदीच्या डोक्यावरून.

जाणाऱ्यांसाठी माझा आग्रहाचा सल्ला : मुख्य स्टेशनवर उतरू नका, त्याच्या आधी फोविंकलला उतरा. तिथून पाच-दहा मिनिटं चालत श्वेबेबानचं टोकाचं स्टेशन आहे. रिकामी गाडी मिळते आणि सगळ्यात मागची जागा पकडता येते. मागे पूर्ण काच आहे. सुरुवातीचा भाग रस्त्यावरून जातो, दोन्ही बाजूंना लोकांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या, कुंड्या, वाळत घातलेले कपडे. मग एकदम पायाखाली पाणी येतं. वळणावर डबा बाजूला झुलतो, स्टेशनात थांबतानाही हलतो. पहिल्या वळणाला आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरला. पुढे गाडी बायर कंपनीच्या कारखान्याच्या मधून जाते. ज्या ॲस्पिरिनची गोळी आजीच्या डब्यात कायम असायची, ती १८९७ मध्ये इथल्या एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत बनली.

टोकाला ओबरबार्मेनला उतरलो आणि उलट दिशेच्या गाडीत बसलो. मग पुन्हा. त्या दिवशी आम्ही हा प्रवास चार वेळा केला. मधे वाटेल तिथे उतरलो. वेर्थर ब्र्युके हे स्टेशन जुन्या नक्षीदार लोखंडी कामासह जपलंय, तिथं अर्धा तास नुसत्या उभ्या राहिलो. १९५० मध्ये सर्कशीच्या जाहिरातीसाठी टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू गाडीत चढवलं होतं. ते बिथरलं आणि डब्यातून थेट नदीत पडलं, थोडंसं खरचटण्यावर निभावलं. ती जागा शोधायला पुन्हा एकदा उतरलो. इथं मला या तिकिटाची खरी किंमत कळली. प्रत्येक वेळी वेगळे पैसे मोजावे लागले असते, तर मी एकदाच बसले असते, फोटो काढले असते आणि घरी आले असते. उतरावं की नाही हे ठरवताना पैसा मधे आला नाही, म्हणून शहर पाहता आलं.

रात्री परतायचं होतं, पण पुण्यातल्या जर्मनच्या वर्गातली माझी मैत्रीण वुपरटालला शिकते. तिला फोन केला. “अगं, मग आता कशाला जाता? राहा की!” म्हणाली. युनिव्हर्सिटी टेकडीवर आहे, सिटी बसही पासातच. तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून तिघी झोपलो, त्याआधी पिठलं-भात. रविवारी इथं दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच ब्रेड-दूध घेऊन ठेवा.

रविवारी एस ७ ने म्युंगस्टेनचा पूल ओलांडला. १८९७ चा, लोखंडी, दरीपासून १०७ मीटर उंच. नदी खाली रेघेसारखी दिसते. वुपरटालला गेलात तर हे सोडू नका.

आता त्रासाचं. सोलिंगेनला आमची पुढची गाडी रद्द झाली. त्यानंतरची चाळीस मिनिटं उशिरा आली, कोलोनची जोडणी चुकली आणि दोन तासांचा रस्ता सव्वाचार तासांचा झाला. हे एकदाच घडलेलं नाही. या आठ महिन्यांत लांबच्या दर तीन प्रवासांतल्या एकात तरी मला असं काही झालंय. समोरून आयसीई रिकामी जात असते, पण या तिकिटावर तिच्यात चढता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा असेल तर रविवारी संध्याकाळच्या गाडीवर विसंबू नका. भरपाईचंही सांगते : एक तास किंवा त्याहून जास्त उशिराला दीड युरो, आणि चार युरोंच्या वर रक्कम गेल्याशिवाय ती मिळत नाही. थंडीत प्लॅटफॉर्मवर तासभर कुडकुडणाऱ्या माणसाला हे फार कमी आहे, असं मला मनापासून वाटतं.

तिकीट फोनमध्ये असतं, नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही. फोन बंद पडला तर तपासनिसासाठी तुम्ही विनातिकीट आहात, दंड ६० युरो. माझ्या रूममेटचं तसं झालं. नंतर ऑफिसात जाऊन वैध तिकीट दाखवल्यावर ७ युरोंवर निभावलं. तेव्हापासून पॉवर बँक आमच्या दाराच्या खिळ्यालाच टांगलेली असते. सोबत ओळखपत्रही ठेवा. सायकलचं तिकीट वेगळं लागतं.

श्वेबेबानमधून मी बाबांना व्हिडिओ कॉल केला होता. मागच्या काचेतून कमानी, नदी, झुलणारा डबा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग नेहमीचा प्रश्न विचारला, “तिकीट किती याला?”

“पासातच आहे, बाबा.”

“मग उतरू नको लवकर,” ते म्हणाले. “अजून एक फेरी मार.”