मॅन्युअल कशात ठेवायची: वर्ड, गिट की सीसीएमएस?

डेमो बघून सिस्टिम ठरवू नका, डेमोत सगळंच झकास चालतं. आधी दोन आकडे काढा: उत्पादनाची व्हेरियंट किती, आणि मॅन्युअल किती भाषांत जातं.

समजा, चाकणची एखादी कंपनी पॅकेजिंग मशिन युरोपात पाठवते. तिथे मॅन्युअल त्या त्या देशाच्या भाषेत द्यावं लागतं. २० जानेवारी २०२७ पासून लागू होणारा नवा यंत्र-नियम डिजिटल प्रत चालवून घेतो, भाषेची अट मात्र सुटत नाही. बारा व्हेरियंट, सात भाषा म्हणजे ८४ फाइली. ‘झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करा’ यापुढे ‘आणि कुलूप लावा’ जोडायचं ठरलं, तर वर्डमध्ये ८४ फाइली उघडा, एखादी सुटणारच. सीसीएमएस म्हणजे मजकूर छोट्या तुकड्यांत साठवणारी सिस्टिम; तिच्यात ती सूचना प्रत्येक भाषेत एकदाच असते, बाकी मॅन्युअलं तिथूनच उचलतात. भाषांतराला जातो तो बदललेला तुकडा. खर्च वसूल होतो तो इथेच.

बऱ्याच सीसीएमएस डिटावर चालतात. मजकूर तुकड्यांत लिहिण्याचं, आयबीएमने घडवलेलं आणि २००५ मध्ये ओएसिस या मानक-संस्थेने मंजूर केलेलं हे खुलं मानक, त्यामुळे विक्रेता बदलला तरी मजकूर हातात राहतो. फॉरमॅट विक्रेत्याचा खासगी असेल, तर बाहेर पडायची वाट सहीआधीच विचारा.

लायसनची किंमत कोटेशनमध्ये दिसते, जुना मजकूर निस्तरायची दिसत नाही. ‘वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असं लिहिलेला टॉपिक, म्हणजे मजकुराचा तुकडा, दुसऱ्या मॅन्युअलमध्ये गेला की तिथे वर आकृतीच नसते. अशी वाक्यं जुन्या फाइली सीसीएमएसमध्ये आणणारा कन्व्हर्टर गुपचूप पुढे ढकलतो. ती शोधत लेखकालाच बसावं लागतं, आणि तेवढे महिने नवी मॅन्युअलं रखडतात.

सॉफ्टवेअर कंपनी असेल, भाषा फक्त इंग्रजी असेल आणि डेव्हलपर दिवसभर गिटमध्येच (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी सिस्टिम) असतील, तर माझं मत सरळ मार्कडाउनला, म्हणजे साध्या खुणा टाकून लिहिलेल्या टेक्स्ट फाइलींना. त्यातून वेबपानं काढणारी स्फिंक्स किंवा डॉक्युसॉरस ही साधनं फुकट मिळतात, कोड आणि डॉक्युमेंटेशन एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याआधी तपासायला पाठवायची विनंती) तपासलं जातं. पण टॉर्कच्या तक्त्यात दोन खाने जोडायचे म्हटले की साधं मार्कडाउन हात टेकतं, एचटीएमएल घुसडावं लागतं. आणि सर्व्हिस इंजिनिअरला पुल रिक्वेस्टवर कमेंट करा म्हणालात, तर तो पीडीएफच मागेल.

एकच उत्पादन, एकच लेखक? खुशाल वर्ड वापरा, फक्त स्टाइल्स शिस्तीत लावा.

सीसीएमएसकडे कल असेल, तर विक्रेत्याला तुमचं सगळ्यात गबाळं मॅन्युअल द्या. ते आत घेऊन, एक सूचना बदलून, दोन व्हेरियंटचे पीडीएफ तुमच्यासमोर काढायला लावा.