घरचं बीपी मशीन, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: सगळं ठीक, पट्टा सोडून

दंडावर बांधायचं, बटण दाबलं की आपोआप फुगणारं, चार सेलवर चालणारं साधं डिजिटल मशीन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मेडिकलच्या फळीवर शेजारी मांडलेल्या दुसऱ्या खोक्यातही फार वेगळं काही मिळणार नाही. स्क्रीन केवढी, मेमरी किती, हे सगळ्यांना माहीत असतंच. लिहायला निमित्त झालं पट्ट्याचं. मशीनची वॉरंटी शिल्लक असताना पट्टा हवा सोडू लागला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर असं, की पट्टा 'कन्झ्युमेबल', म्हणजे वापरून झिजणारी वस्तू आहे, त्याची वॉरंटी वेगळी, आणि ती संपली. नवा पट्टा घ्या, किंमत मशीनच्या जवळजवळ निम्मी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली वर्षं फक्त मशीनची असतात. पट्ट्याचा उल्लेख आतल्या पत्रकात, बारीक टायपात.

पट्टा एकदम दगा देत नाही. पंप नेहमीपेक्षा जास्त वेळ घुरघुरतो, थांबतो, पुन्हा फुगवतो, मग कधी एरर येते तर कधी आकडा. एरर परवडली, आकडा वाईट. डॉक्टर स्टेथोस्कोपने आवाज ऐकतात तसं हे मशीन काही ऐकत नाही. पट्ट्यातला दाब हळूहळू बदलत असताना धमनीच्या ठोक्यांनी आतल्या हवेत बारीक लाटा उठतात, तेवढ्याच ते पकडतं. लाटा सर्वांत मोठ्या जिथे, तो साधारण सरासरी दाब. वरचं आणि खालचं बीपी त्यावरून कंपनीच्या आपल्या सूत्राने काढलं जातं. हवा गळत असेल तर दाब भराभर आणि धक्क्याने उतरतो, सूत्राला पुरेसे ठोकेच मिळत नाहीत. मोजताना हात हलवला की त्या हालचालीच्या लाटा ठोक्यांच्या लाटांत मिसळतात आणि आकडा बिघडतो.

गळती शोधणं सोपं आहे. पट्टा एका जाड बाटलीभोवती घट्ट गुंडाळायचा, बटण दाबायचं आणि साबणाच्या पाण्याचं बोट नळीवरून फिरवायचं. शेवटी एरर येणारच, बाटलीला नाडी नसते. आपल्याला बुडबुडा कुठे येतो तेवढंच बघायचंय. मशीनमध्ये खोचायच्या प्लगपाशी आला तर नशीब चांगलं. प्लग काढून नळीचं टोक सेंटीमीटरभर सरळ कापायचं आणि प्लग पुन्हा दाबून बसवायचा. पण बहुतेक वेळा बुडबुडा येतो तो नळी पट्ट्यात शिरते त्या मानेशी. तिथे नखाएवढी आडवी चीर दिसते, नळी वाकवली तरच उघडणारी. त्यावर झटपट चिकटणारा गोंद लावू नये. तो कडक होतो आणि त्याच्याच कडेला नवी चीर पडते. पट्टाच बदलावा लागतो.

बदलतानाही मोह टाळायचा. 'कुठल्याही मशीनला चालतो' असा स्वस्त पट्टा ऑनलाइन सर्रास मिळतो, प्लग बसतोही. पण मशीनची अचूकता त्याच्या स्वतःच्या पट्ट्यासकट तपासलेली असते. आतली हवेची पिशवी वेगळ्या मापाची असेल तर ते सूत्र त्या पट्ट्यासाठी नाही. पैसे वाचवण्याची हौस इथे आवरलेली बरी, आणि हे कमालीचं जिवावर येतं.

पण गळती ही पट्ट्याची लहान खोड. मोठी खोड मापाची, आणि ती पहिल्या दिवसापासून असते. खोक्यात येणारा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. शिंप्याकडची टेप घ्या, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. भरलेल्या अंगाच्या माणसाचा 34 सहज निघतो. नियम असा, की पट्ट्याच्या आतली पिशवी घेराच्या सुमारे 40 टक्के रुंद आणि निदान 80 टक्के लांब हवी. त्याहून तोकडी असेल तर धमनी दाबायला जास्त हवा लागते आणि बीपी फुगवून दिसतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये याची नीट चाचणी प्रसिद्ध केली. मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तेव्हा वरचं बीपी सरासरी 4.8 ने जास्त आलं, आणि अतिमोठा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तेव्हा 19.5 ने. एवढ्या फरकाने एखादी जादा गोळी सुरू होऊ शकते, तीही पट्ट्यापायी. उलट बाजूने, किडकिडीत आजींच्या 21 सेंटीमीटरच्या दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा कमी दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. 'पाऱ्याचंच खरं' म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे. पट्टा तोकडा असेल तर पाराही खोटंच सांगतो.

इथे एक मत बदललं ते नोंदवतो. सुरुवातीला वाटत होतं, 22 ते 42 चा पट्टा घ्यावा आणि विषय संपवावा. आता तेवढं ठाम सांगवत नाही. ज्यांचा दंड वर जाड आणि कोपराकडे निमुळता आहे, त्यांना हा पट्टा खालच्या कडेला सैल राहतो आणि फुगताना वर सरकतो. मधल्या मापांना तो उत्तम. 23 किंवा 41 अशा टोकाच्या मापाला मात्र नेमका पट्टा मागवावा. मॉडेल नीट तपासलेलं आहे का, हे स्ट्राइड बीपी या, तपासलेल्या बीपी मशीनची यादी ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. दुकानातला 'डॉक्टर हेच वापरतात' हा पुरावा नव्हे.

बांधताना कापडाची आणखी एक गंमत. बाही गुंडाळून वर सरकवली की तीच दंडाला आवळते, म्हणजे पट्ट्याच्या वर दुसरा पट्टा. हात बाहीतून बाहेर काढावा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर, नळी आतल्या बाजूने मधल्या बोटाच्या रेषेत, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपत घट्ट.

बसण्याबाबत पत्रकातली चित्रं पाश्चात्त्य खुर्चीची असतात. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून, हात मांडीवर टाकून मोजणारे पुष्कळ. त्यात सगळ्याच चुका एकदम होतात: पाठीला टेका नाही, पाय दुमडलेले, दंड छातीच्या खाली. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटीमीटर खाली असेल तर आकडा सात-आठने वाढतो, हा निव्वळ रक्ताच्या वजनाचा हिशेब आहे. टीपॉय म्हणूनच निकामी. जेवणाचं टेबल चालतं, कमी पडलं तर हाताखाली उशी. पाठ टेकलेली, पायांचे तळवे जमिनीवर, लघवी उरकलेली, चहा-तंबाखू अर्धा तास आधी बंद, पाच मिनिटं शांत. आणि मोजताना बोलायचं नाही. "किती आलं?" असं शेजारून विचारणाऱ्याला आधीच बाहेर पाठवावं.

मशीनमध्ये खरोखर आवडलेली गोष्ट म्हणजे मेमरी. विकत घेताना ती फुकटची सजावट वाटते. माणूस वहीत लिहितो तेव्हा तीन आकड्यांतला सोयीचा लिहितो. मशीन तिन्ही ठेवतं. दोन माणसांची वेगळी बटणं असतील तर दाबण्याआधी बघावं, नाहीतर नवराबायकोची सरासरी डॉक्टरांसमोर जाते. पद्धत अशी: डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दर वेळी दोनदा, मध्ये एक मिनिट. सकाळचं गोळी आणि चहाच्या आधी. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरच्या सरासरीची रेघ 135/85 धरतात, दवाखान्यातली 140/90. दोन्हीकडे एकच रेघ लावली की घरात उगाच समाधान पसरतं. सुरुवातीला दोन्ही दंडांवर मोजून जिथे जास्त येतं तो दंड कायमचा धरावा. दोन्हींत वारंवार 10 पेक्षा जास्त फरक असेल तर तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. त्याच भेटीला मशीनही न्यावं आणि त्यांच्या मशीनशी आलटून पालटून, एकाच हातावर ताडावं. पाचपर्यंतचा फरक सोडून द्यावा, दहाच्या वर जात असेल तर आधी पट्टा तपासावा.

नाडी अनियमित असल्याची खूण एखाद्या वेळी उमटली तर हात हलला असेल. स्वस्थ बसूनही पुन्हा पुन्हा उमटत असेल तर ईसीजी काढून घ्यावा. 180/120 च्या वर आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा नजर अंधुक होणं यांपैकी काही असेल तर पुन्हा मोजत बसू नये, 108 ला फोन करावा. त्रास काही नसेल तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजावं. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. मनाने जास्तीची गोळी घेऊ नये, बीपी झपकन उतरलं तर ते निराळंच संकट.

पट्टा धड असूनही आकडे चढू लागले, तर मशीनला शिव्या घालण्याआधी घरात नजर टाकावी. गुडघेदुखीसाठी चालू असलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, बंद नाकासाठीची सर्दीची गोळी, रोजच्या काढ्यातलं ज्येष्ठमध, हे सगळे बीपी वाढवणारे. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापडात मिठाशिवाय पापडखारातलंही सोडियम असतं, आणि सुक्या बोंबलाबद्दल तर बोलायलाच नको. कमी सोडियमचं मीठ आणण्याआधी मात्र विचारावं. त्यात पोटॅशियम असतं, आणि किडनीचा त्रास असणाऱ्यांना किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना ते महागात पडू शकतं.

ॲपबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि घरात पडलेला कुठलाही लावू नये, व्होल्टेज किंवा प्लगची उलटसुलट बाजू चुकली की मशीन गेलंच. महिनोन्‌महिने वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत, ते पाझरतात. वेल्क्रोत लोकर आणि धागे अडकले की पट्टा फुगताना चर्र करून सुटतो. जुन्या टूथब्रशने घासला की पुन्हा धरतो. पावसाळ्यात कापडाला बुरशीचा वास येतो, तेव्हा ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवावा. पाण्यात बुडवू नये.

आता त्या मानेच्या चिरेचं कारण. मशीनसोबत कापडी पिशवी फुकट येते, आणि ती इतकी आखूड शिवलेली असते की पट्टा आत बसवायचा तर नळी मानेपाशी दुमडावीच लागते. रोज दोनदा तीच घडी, त्याच जागी. पत्रकात लिहिलंय, नळी घट्ट गुंडाळू नका. पिशवी शिवणाऱ्याने ते वाचलं नसावं. दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात: सुटा पट्टा मिळतो का, केवढ्याला, आणि त्याची वॉरंटी बिलावर लिहून देता का. तिसऱ्यावर बहुतेक दुकानदार नकारार्थी मान हलवतात, पण विचारायला पैसे पडत नाहीत. नवा पट्टा आलाय, मशीन ठेवलंय, आणि पिशवीत आता सुटे सेल असतात.