बारावीनंतर सार्वजनिक विद्यापीठ की खासगी? फी भरण्याआधीचा हिशेब

माझा कल आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रातल्या पगारावर चालणाऱ्या घराने आधी सार्वजनिक विद्यापीठाचा पर्याय नीट तपासावा, आणि हवं ते तिथे मिळतच नसेल तर खासगीकडे वळावं. सरकारी म्हणजे सगळं छान, असं मला म्हणायचं नाही. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल इतके रखडले की पुढच्या प्रवेशांचे वांधे झाले. शेवटी कुलगुरूंनाच पदावरून जावं लागलं. एवढं माहीत असूनही माझा कल तोच आहे.

पैशापासून सुरुवात करू, कारण बोलणी तिथेच अडतात. अनुदानित कॉलेजात बीए-बीएस्सीची वर्षाची फी हजारांत मोजली जाते, खासगी विद्यापीठात इंजिनिअरिंगची लाखांत. पण खरा फरक फीच्या पत्रकात दिसत नाही. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. विनाअनुदानित कॉलेजंही यात येतात. येत नाहीत ती खासगी अभिमत (म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं. म्हणजे खासगी संस्थेचं कॉलेज सार्वजनिक विद्यापीठाला संलग्न असेल तर माफी, आणि त्याच संस्थेने शेजारी स्वतःचं विद्यापीठ थाटलं असेल तर तिथे पूर्ण फी. बाहेरच्या फलकावरून हे कळत नाही. मुलगी या निकषात बसत असेल तर पुढची तुलना करण्याआधी हा मुद्दा निकालात काढा.

दुसरा घोळ असा की आपण कशाची तुलना कशाशी करतोय हेच ठरलेलं नसतं. खासगी विद्यापीठ म्हणजे बहुधा एक आवार, एक व्यवस्थापन. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ म्हणजे गणेशखिंडीतले विभाग, आणि शिवाय पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांतली शेकडो संलग्न कॉलेजं. पदवीवर नाव एकच, पण एका ठिकाणी प्रयोगशाळा गजबजलेली आणि दुसरीकडे कुलूप. तेव्हा विद्यापीठाचं नाव बाजूला ठेवून कॉलेज बघा. फर्ग्युसन किंवा रुईयासारखी स्वायत्त कॉलेजं यातला चांगला मधला मार्ग आहेत. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या हातात असतात, पदवी मात्र विद्यापीठाची मिळते.

खासगी विद्यापीठं कुठे सरस आहेत? निकाल वेळेवर लागतात. अभ्यासक्रम बदलायला अभ्यासमंडळाच्या बैठकांची वाट बघावी लागत नाही. डिझाइन, डेटा सायन्स, गेमिंग असले विषय तिथे लवकर येतात, आणि प्लेसमेंट सेलचे लोक कंपन्यांच्या मागे लागतात, कारण पुढच्या वर्षीचे प्रवेश त्यावरच अवलंबून असतात. पण जे खपत नाही ते तिथे चालत नाही. पाली, भूगोल, इतिहास शिकायचा असेल तर पर्याय फार उरत नाहीत. उलट पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन शिकवणारे वर्ग आहेत. नोकरी करणारी माणसंही तिथे सर्टिफिकेट कोर्स करतात.

आता राज्याच्या बाजूने, म्हणजे सार्वजनिक विद्यापीठं राज्याला काय देतात ते. अनेकांना हा मुद्दा भाषणाचा वाटतो, मला तो अगदी व्यवहाराचा वाटतो. मुंबई विद्यापीठाने 1933 साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तीच माटुंग्याची यूडीसीटी, आजची आयसीटी. डॉ. रघुनाथ माशेलकर तिथलेच. औषधनिर्मितीतले अंजी रेड्डी तिथले, मुकेश अंबानीही तिथलेच. एका सार्वजनिक विभागाने राज्याला आणि देशाला काय दिलं याचा हिशेब मांडायचा तर रंग, औषधं आणि पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यांत जावं लागेल. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका उभी राहिली, रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए आली, पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आलं. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ती चालवणारी एनसीआरए याच आवारातली. भौतिकशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या पोराला आयुकातलं व्याख्यान ऐकायला पायी जाता येतं, हा फायदा कुठल्याही माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची प्राध्यापकपदाची सेट परीक्षाही पुणे विद्यापीठच घेतं.

अंतराचाही प्रश्न आहे. 2011 साली गोंडवाना विद्यापीठ होईपर्यंत गडचिरोली आणि चंद्रपूरच्या कॉलेजांचा कारभार नागपूरहून चालायचा. मार्कशीटमधली एक चूक दुरुस्त करायची तरी मोठा प्रवास. गडचिरोलीत खासगी विद्यापीठ काढायला कोण धजावेल? तिथे नफ्याचं गणित बसत नाही, म्हणून ते काम सरकारचंच.

याच सरकारने प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवली आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, माणसं राबवली. सार्वजनिक विद्यापीठांवरची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघण्याआधी विभागात कायम प्राध्यापक किती आणि सीएचबीवर किती, ते विचारा. खासगीतही विचारा, तिथे शिक्षक टिकतात का तेही. पहिल्या वर्षी देऊ केलेली स्कॉलरशिप किती गुणांखाली गेल्यावर बंद होते, हेही लगे हात विचारून घ्या.

माझं गणित असं: मूलभूत विज्ञान, भाषा, समाजशास्त्रं, किंवा सोबत एमपीएससीची तयारी, तर सार्वजनिक. इंजिनिअरिंगला कॅपमधून पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय किंवा जिल्ह्यातलं नावाजलेलं कॉलेज मिळत असेल तर खासगी विद्यापीठाचा विचारच करू नका. डिझाइनसारख्या विषयाला, कर्ज न काढता झेपत असेल तर, खासगी.

खासगीवाले सीट अडवण्यासाठी कॅप सुरू होण्याआधीच पैसे मागतात. ते भरायचेच असतील तर परताव्याची शेवटची तारीख आणि कपातीची रक्कम कागदावर लिहून घ्या, आणि उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर यांचे अर्ज आजच टाका. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते.